हिरव्या ठिपक्यांची रेषा

डिसेंबर 2000 मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात एक तीन पानी शोधनिबंध आला. पानं 944 ते 946. लेखक आठ. पहिलं नाव हिदेओ ओनो यांचं, जपानमधल्या सेंदाई शहरातल्या तोहोकू विद्यापीठाचे. निबंधाची दुसरी आकृती म्हणजे एका चौकटीतल्या चार वक्र रेषा: काळी, निळी, तांबडी आणि हिरवी. मला बोलायचं आहे ते या एका आकृतीबद्दल. कवितेचं, बंदिशीचं, चित्राचं रसग्रहण आपण हौसेनं करतो. प्रयोगाच्या आलेखापाशी मात्र ‘निष्कर्ष काय निघाला?’ एवढं विचारून पान उलटतो. ही आकृती तशी उलटून जाण्यासारखी नाही. तिच्यात एकही रेघ फुकट काढलेली नाही, आणि जिच्यात सगळं मर्म साठलं आहे ती रेषा पहिल्या नजरेला दिसतच नाही.

आकृतीकडे जाण्याआधी तिच्यामागचं घराणं थोडं समजून घ्यायला हवं. विसाव्या शतकातल्या माहिती तंत्रज्ञानात दोन पदार्थांनी कामं वाटून घेतली होती. गणित करायचं सिलिकॉनसारख्या अर्धवाहकांनी आणि लक्षात ठेवायचं लोहचुंबकांनी. प्रोसेसर अर्धवाहकाचा, हार्ड डिस्क चुंबकाची. अर्धवाहकाचा मोठा गुण म्हणजे तो ऐकतो. वर धातूची एक पट्टी, म्हणजे गेट, बसवा, तिला व्होल्टेज द्या, खालच्या थरातली विद्युतवाहकांची संख्या बदलते. ट्रान्झिस्टरचं सगळं राज्य या आज्ञाधारकपणावर उभं आहे. चुंबकाचा गुण याच्या उलट, तो आपला हेका सोडत नाही. एकदा उत्तरेकडे तोंड केलं की उलट्या दिशेनं पुरेसा जोर लागेपर्यंत उत्तरेकडेच. म्हणून तर तो स्मरणाच्या कामाचा. पण तो किती चुंबकीय असावा, कोणत्या तापमानाला त्याचं चुंबकत्व मावळावं, हे पदार्थ घडवतानाच ठरून जातं. नंतर त्यात हात घालता येत नाही, अशीच समजूत होती. ओनोंचा निबंध सुरू होतो तो ही समजूत मांडून, आणि ती मोडण्याच्या इराद्यानं.

दोन्ही गुण एकाच पदार्थात आणायचे प्रयत्न जुने होते. युरोपियम ऑक्साइड हा अर्धवाहक लोहचुंबक असल्याचं 1961 मध्ये कळलं, पण त्याचं चुंबकत्व 69 केल्विनच्या वर टिकत नाही आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या नेहमीच्या अर्धवाहकांशी त्याचं जमत नाही. दुसरा मार्ग पोलंडमध्ये विकसित झाला. नेहमीचा अर्धवाहक घ्यायचा आणि त्यातल्या थोड्या अणूंच्या जागी मँगेनीजसारखे चुंबकीय अणू बसवायचे. त्यातून 1986 मध्ये शिसं, कथील, मँगेनीज आणि टेल्युरियमच्या मिश्रणात एक विलक्षण गोष्ट दिसली. वाहकांची संख्या एका पातळीच्या वर गेली की पदार्थ लोहचुंबक होतो, खाली असली की होत नाही. म्हणजे चुंबकत्वाची किल्ली वाहकांच्या हाती आहे. मात्र हे दाखवायला वेगवेगळ्या वाहकसंख्येचे वेगवेगळे नमुने करावे लागले होते, आणि नमुने बदलले की शंकेला जागा राहते. बदललेलं चुंबकत्व वाहकांमुळे, की दुसऱ्या नमुन्यात आणखी काही वेगळं होतं म्हणून?

पुढचं पाऊल 1989 मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत पडलं. मुनेकाता, ओनो आणि सहकाऱ्यांनी इंडियम आर्सेनाइडमध्ये मँगेनीज बसवलं. वाचायला एका ओळीचं हे काम प्रत्यक्षात हट्टी आहे. इंडियम आर्सेनाइड किंवा गॅलियम आर्सेनाइड मँगेनीजला आपल्यात सहज सामावून घेत नाही. नेहमीच्या तापमानाला थर वाढवायला गेलं की मँगेनीज आर्सेनिकला धरून आपली वेगळी चूल मांडतं आणि मँगेनीज आर्सेनाइडच्या गुठळ्या तयार होतात. यावर उपाय म्हणजे थर बऱ्याच कमी तापमानाला, साधारण 200 ते 300 अंश सेल्सियसला वाढवायचा. अतिनिर्वात कक्षात अणूंचे झोत पृष्ठभागावर सोडायचे, पण पृष्ठभाग इतका थंड ठेवायचा की आलेल्या मँगेनीजला फिरून आपली माणसं शोधायला उसंतच मिळू नये. जिथं पडला तिथं बसला. निसर्गाच्या मर्जीविरुद्ध, नाइलाजानं टिकलेलं असं हे मिश्रण. यातल्या होल-वाहक थरात (होल म्हणजे काय ते लगेच पुढे येईल) 7.5 केल्विनला लोहचुंबकत्व सापडल्याचं 1992 मध्ये जाहीर झालं. ओनो सेंदाईला गेल्यावर त्यांच्या गटानं 1996 मध्ये गॅलियम आर्सेनाइडमध्येही ते करून दाखवलं, आणि दोनच वर्षांत ते तापमान 110 केल्विनपर्यंत नेलं. सेंदाईला चुंबकांची परंपराही मोठी: कोतारो होंडा यांनी केएस पोलाद हा त्या काळचा बलाढ्य कायमचुंबक 1917 मध्ये याच विद्यापीठात घडवला होता.

आता तो थर जवळून पाहू. जाडी पाच नॅनोमीटर, म्हणजे एकावर एक रचलेले अणूंचे जेमतेम सोळा-सतरा थर. त्यात इंडियमच्या दर शंभर जागांपैकी तीन जागांवर मँगेनीज. इंडियमला द्यायला तीन इलेक्ट्रॉन असतात, मँगेनीजला दोन. म्हणून जिथं मँगेनीज बसतं तिथं एका इलेक्ट्रॉनची जागा रिकामी राहते. हे होल. ते स्फटिकभर हिंडतं आणि धन प्रभारासारखं वागतं. दुसरीकडे प्रत्येक मँगेनीज अणू स्वतः एक बारकं चुंबक असतो. शेकड्याला तीन म्हणजे हे अणू एकमेकांपासून बरेच लांब, त्यांना एकमेकांची खबर नाही. त्यांच्यात संबंध जोडतात ती होल्स. डोंगरात लांब लांब विखुरलेल्या घरांमधून एखादा निरोप्या फिरत असावा आणि त्याच्यामुळे सगळी वाडी एका दिवशी एकच सण साजरा करत असावी, तसं. निरोप्ये पुरेसे असतील तर वाडीचं एकमत होतं, कमी पडले तर ज्याचा तो. इथं एकाच अणूनं दोन्ही देणग्या आणल्या आहेत, चुंबकही त्याचं आणि निरोप्याही त्याचाच.

इथून ओनोंच्या गटाचा डाव ओळखता येतो. चुंबकत्व होल्सवर अवलंबून असेल आणि होल्सची संख्या गेटवरच्या व्होल्टेजनं बदलता येत असेल, तर चुंबकत्वही व्होल्टेजनं बदलायला हवं. थर पाच नॅनोमीटरचा असण्याचं कारणही हेच. जाड थरात वाहक इतके असतात की गेटचा प्रभाव वरवर विरून जातो. धातूच्या चुंबकात तर विचारायलाच नको, तिथं इलेक्ट्रॉनांचा महापूर असतो. अर्धवाहकाच्या पातळ थरात होल्स मोजकी, म्हणून गेटच्या ओढाताणीनं त्यांच्या संख्येत काही टक्क्यांचा तरी फरक पडतो. थरावर इन्सुलेटर, इन्सुलेटरवर धातूचं गेट, अशी साध्या ट्रान्झिस्टरसारखीच रचना. कल्पना सोपी आहे, पण ती प्रत्यक्षात उतरेल असा थर जगात मोजक्याच लोकांना वाढवता येत होता.

आकृतीचे अक्ष पाहू. आडव्या अक्षावर बाहेरून दिलेलं चुंबकक्षेत्र आहे, मिलिटेस्लात. उभ्या अक्षावर चुंबकत्व असेल असं वाटतं, पण तिथं आहे हॉल रोध. ही निवड समजून घेण्यासारखी आहे. पाच नॅनोमीटरच्या, शेकडा तीन मँगेनीज असलेल्या थराचं एकूण चुंबकत्व इतकं अल्प असतं की ते थेट मोजताना खालच्या जाड आधारपट्टीचा प्रतिसादच सगळं गिळून टाकतो. म्हणून ओनोंनी थरालाच साक्षीला बोलावलं. थरातून विद्युतधारा सोडायची, वरून चुंबकक्षेत्र द्यायचं आणि धारेच्या आडव्या दिशेला किती व्होल्टेज उमटतं ते पाहायचं. एडविन हॉलनं 1879 मध्ये शोधलेला हा परिणाम. लोखंडासारख्या चुंबकांत तो अवाच्या सवा मोठा होतो, हेही हॉललाच लवकर दिसलं होतं. चुंबकीय पदार्थात या व्होल्टेजचा मोठा वाटा पदार्थाच्या स्वतःच्या चुंबकत्वाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे आधारपट्टीची लुडबुड टळते, बोलतो तो फक्त थर. या युक्तीला एक काळी बाजूही आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

आता रेषा. आधी सलग काळी, गेटवर शून्य व्होल्ट असतानाची. ही आरंभीची स्थिती, थर जसा जन्मला तसा. शून्य क्षेत्राजवळ रेषा ताठ चढते; थर चुंबकत्वाच्या उंबरठ्यावर उभा आहे हे तिच्या चढावरून कळतं.

मग गेटवर अधिक 125 व्होल्ट. घरातल्या विजेच्या मानानं हे काही फार नाही. गेट धन, होल्सही धन, म्हणून थरातून काही होल्स बाजूला सारली जातात. निरोप्ये कमी झाले. निळी रेषा, रेघ-ठिपका अशी तुटक काढलेली, काळीपेक्षा मवाळ होते. ती शून्यातून शांतपणे जाते, जाताना आणि येताना एकाच वाटेनं. क्षेत्र नसेल तर चुंबकत्व नाही, क्षेत्र आलं की थोडं येतं. भौतिकीच्या भाषेत हा पॅरामॅग्नेटिक पदार्थ. म्हणजे लोहचुंबक असणं संपलं.

मग उणे 125 व्होल्ट. होल्स थरात ओढली जातात. तांबडी तुटक रेषा एकदम उभी राहते आणि तिच्या मधोमध वळसा उघडतो. क्षेत्र कमी करत शून्यावर आणलं तरी चुंबकत्व शून्य होत नाही. उलट दिशेला थोडं पुढे गेल्यावरच ते पलटी खातं. जायची वाट वेगळी, यायची वेगळी. हा हिस्टेरेसिस, लोहचुंबकाची सही. वळसा आहे तो 0.7 मिलिटेस्लाच्या आत, पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या साधारण पंधरा-वीस पट. इवलासा आहे, पण आहे. तापमान तेच, थर तोच, बाहेरचं चुंबक तेच. बदलला तो फक्त गेटवरचा आकडा. आणि पदार्थ लोहचुंबक नसण्यापासून लोहचुंबक असण्यापर्यंत आला.

इथं थांबलेला वाचकही खूश होऊन जाईल. पण ओनोंनी आणखी एक रेषा काढली, हिरव्या ठिपक्यांची. अधिक 125 आणि उणे 125 व्होल्ट देऊन झाल्यावर गेट पुन्हा शून्यावर आणून घेतलेली मोजणी. ही रेषा शोधावी लागते, कारण ती काळ्या रेषेवरच पडली आहे. दोन्ही जवळजवळ तंतोतंत एक. आलेखात ती नसती तरी तिघींचं चित्र पूर्ण दिसलं असतं, आणि घाईतल्या लेखकानं जागा वाचवायला तिला वगळलंही असतं. पण ही रेषा नसती तर बाकी तिघींवर विश्वास ठेवायचं कारणच उरलं नसतं.

का, ते पाहा. दुसऱ्या एका जपानी गटानं 1997 मध्ये याच पदार्थाच्या थरावर प्रकाश टाकून लोहचुंबकत्व जागं केलं होतं. प्रकाशानं होल्स निर्माण झाली आणि चुंबकत्व आलं. मोठं देखणं काम. पण प्रकाश बंद केल्यावर चुंबकत्व राहूनच गेलं. ज्या दारानं आत आलो त्या दारानं परत जाता येईना. गेटच्या प्रयोगातही असं काही घडू शकलं असतं. एवढं व्होल्टेज दिल्यावर इन्सुलेटरमध्ये प्रभार अडकून बसतो, थर तापतो, कडेला काही झिजतं. मग निळी आणि तांबडी यांतला फरक हा गेटच्या हुकमाचा नसून दरम्यान झालेल्या पडझडीचा आहे, असं कुणीही म्हणू शकलं असतं. हिरवी रेषा हे सगळे आक्षेप एका दमात गप्प करते. थराला काही झालं नाही. जे झालं ते गेट सांगत होतं तोवरच झालं, गेट गप्प झालं तसं तेही मावळलं. 1986 मध्ये वेगवेगळ्या नमुन्यांमुळे उरलेली शंकाही इथं फिटते, कारण नमुना एकच आहे आणि तो परत मूळ जागी आला आहे. स्वतःच्या म्हणण्याची परतपडताळणी स्वतःच्याच चौकटीत करणारे आलेख थोडे.

तापमानाचा आकडाही वाचण्यासारखा आहे: 22.5 केल्विन, शून्याखाली साधारण अडीचशे अंश सेल्सियस. हा आकडा सहज आलेला नाही. गेटच्या दोन टोकांमध्ये थराचं क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर लोहचुंबकत्व मावळतं ते तापमान, जेमतेम एक केल्विन इकडे किंवा तिकडे सरकतं. फार खालच्या तापमानाला मोजलं असतं तर तिन्ही रेषांना वळसे पडले असते, फार वर मोजलं असतं तर एकीलाही नाही. उंबरठ्यावरचं तापमान शोधून तिथंच मुक्काम ठोकल्यामुळे एका केल्विनचा किरकोळ फरक ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्यातला फरक झाला. गवयाला स्वराची नेमकी जागा सापडावी लागते. इथं प्रयोगकर्त्यांना ती सापडली आहे. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत त्याच रेषा मोठ्या क्षेत्रापर्यंत दाखवल्या आहेत. सोयीचा तुकडा कापून आणला आहे असं वाटू नये म्हणून.

आता ती काळी बाजू. हॉल रोध चुंबकत्वाच्या प्रमाणात असतो खरा, पण त्या प्रमाणाचा गुणक स्वतः थराच्या रोधावर अवलंबून असतो, आणि गेटनं होल्स हलवली की रोधही बदलतो. मग शंकेखोर वाचक विचारेल: बदललं ते चुंबकत्व कशावरून, नुसता गुणकच बदलला नसेल कशावरून? याचं उत्तर निबंधात वेगळं शोधायला नको, ते आकृतीच्या आकारातच आहे. गुणक बदलला तर रेषेची उंची ताणली किंवा दबली जाईल. पण कशानंही गुणलं तरी सरळ जाणाऱ्या रेषेला वळसा पडत नाही, आणि पडलेला वळसा मिटत नाही. निळीला वळसा नाही, तांबडीला आहे. हा फरक उंचीचा नाही, घडणीचा आहे. तो फक्त चुंबकत्वच घडवू शकतं. या आकृतीचं मला सर्वांत मोठं वाटणारं सामर्थ्य हे: ती आकड्यांवर विसंबत नाही, आकारावर विसंबते.

तिच्या मर्यादाही तिथंच उघड्या आहेत. हीलियमच्या थंडीत चालणारं, सव्वाशे व्होल्ट मागणारं आणि एका केल्विनची हालचाल दाखवणारं उपकरण कुणी बाजारात आणणार नाही. पुढच्या काळात मँगेनीज घातलेल्या गॅलियम आर्सेनाइडमध्ये क्युरी तापमान 200 केल्विनच्या आसपास नेलं गेलं, तरी ते खोलीच्या तापमानाच्या खूप खालीच राहिलं. त्या पदार्थांतून अजून घरगुती वापराचं काही निघालेलं नाही.

पण याच थंडपणात या आकृतीचा सच्चेपणा आहे. तो कळण्यासाठी पुढच्या काही वर्षांचा गोंधळ पाहावा लागतो. त्याच वर्षी, फेब्रुवारी 2000 मध्ये, वॉर्साचे तोमाश डीटल आणि ओनोंसह सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये एक सिद्धांत मांडला होता. पाच टक्के मँगेनीज आणि दर घन सेंटीमीटरला 3.5 गुणिले 10 चा विसावा घात इतकी होल्स असतील, तर कोणत्या अर्धवाहकाचं क्युरी तापमान किती असेल याचा एक स्तंभालेख त्यात होता. गॅलियम नायट्राइड आणि झिंक ऑक्साइडचे स्तंभ खोलीच्या तापमानाच्या वर गेले होते. मग काय, जगभर झुंबड उडाली. जपानमधूनच 2001 मध्ये कोबाल्ट घातलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडचे पारदर्शक चुंबकीय थर आले. पुण्यात घडलेले सतीशचंद्र ओगले आणि मेरीलँड विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी 2003 मध्ये कोबाल्ट घातलेल्या कथील ऑक्साइडच्या थरात सुमारे 650 केल्विनचं क्युरी तापमान आणि अणूगणिक अफाट मोठं चुंबकत्व नोंदवलं. आयर्लंडमधून 2004 मध्ये हाफ्नियम ऑक्साइडची वार्ता आली, ज्यात चुंबकीय अणू मुळात घातलेलेच नव्हते. जिकडेतिकडे खोलीच्या तापमानाला वळसेच वळसे.

मग शंका सुरू झाल्या. आयबीएमच्या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवलं की हाफ्नियम ऑक्साइडचे स्वच्छ थर चुंबकीय नसतात, पण ते स्टेनलेस स्टीलच्या चिमट्यानं धरले की अगदी तसाच वळसा मिळतो. पोलादाचा डोळ्यांना न दिसणारा कण थराच्या कडेला घासून बसतो, आणि संवेदनशील यंत्र त्याचंच चुंबकत्व इमानेइतबारे छापून देतं. आणि कोबाल्टचं काय? ओगले ज्या गटात होते त्याच गटानं, शिंदे हे पहिले लेखक असलेल्या 2004 च्या निबंधात, एक कडू सत्य स्वतःच मांडलं. ऑक्सिजन पुष्कळ कमी केलेल्या, कोबाल्ट घातलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये कोबाल्टच्या नॅनोमीटर मापाच्या गुठळ्या होत्या, आणि तरीही त्या थरानं चुंबकाचा असाधारण हॉल परिणाम दाखवला. म्हणजे नुसता हॉल रोधाचा वक्र दिसला एवढ्यानं पदार्थ एकजीव चुंबकीय अर्धवाहक ठरत नाही. स्वतःच्या क्षेत्रातल्या आवडत्या पुराव्याची मर्यादा अशी दाखवणारे विरळा. हा निबंधही वाचण्याजोगा आहे, त्याची दाद वेगळी द्यायला हवी.

हा इशारा डोक्यात ठेवून सेंदाईच्या आकृतीकडे परत यावं. तिचाही उभा अक्ष हॉल रोधाचाच आहे. मग तिलाही गुठळ्यांचा संशय का लागू नये? दोन कारणांनी. पहिलं म्हणजे, या मिश्रणात ज्यांची भीती, त्या मँगेनीज आर्सेनाइडच्या गुठळ्या खोलीच्या तापमानालाही चुंबक असतात, त्यांचं चुंबकत्व चाळीसेक अंश सेल्सियसपर्यंत टिकतं. वळसा त्यांचा असता तर तो 22.5 केल्विनच्या आसपास उगवला-मावळला नसता, सगळीकडे सारखाच दिसत राहिला असता. ज्या थंडपणाला आपण मर्यादा म्हटलं तोच इथं साक्षीदार होतो. दुसरं कारण अधिक मोलाचं. गुठळी गेटचं ऐकत नाही. धातूच्या गुठळीत वाहक इतके असतात की काही टक्के होल्स हलल्याचं तिला सोयरसुतक नसतं. चिमट्यावरून आलेला पोलादाचा कण तर व्होल्टेज अधिक आहे की उणे, याची दखलही घेणार नाही. या आकृतीतलं चुंबकत्व मात्र होल्स गेली की जातं, आली की येतं, आणि गेट शून्यावर आलं की निमूट आपल्या जागी परततं. चुंबकत्व दिसणं ही एक गोष्ट आणि त्याचं कारण हाताशी असणं ही दुसरी. पुढच्या अनेक आलेखांत पहिली गोष्ट होती, इथं दोन्ही आहेत.

या तीन पानांची संतती भलत्याच घरांत नांदते आहे. गेटनं चुंबकत्व हलवता येतं हे पटल्यावर लोकांनी तोच डाव धातूंवर टाकून पाहिला. थर काही अणूंइतका पातळ केला तर तिथंही गेटचं चालतं, असं निघालं. लोह आणि मॅग्नेशियम ऑक्साइडच्या सांध्यावर 2009 मध्ये व्होल्टेजनं चुंबकाची दिशा धरण्याची ओढ बदलता आली. ओनोंच्या निबंधाचे एक सहलेखक, दाइची चिबा, यांनी 2011 मध्ये कोबाल्टच्या अतिपातळ थराचं क्युरी तापमान खोलीच्या तापमानाजवळ व्होल्टेजनं सरकवलं. कमी ऊर्जेत लिहिता येणारी चुंबकीय मेमरी करण्याच्या धडपडीत आज हीच वाट चोखाळली जाते. दुसरी शाखा सिद्धांताची. असाधारण हॉल परिणाम स्फटिकातल्या इलेक्ट्रॉन-अवस्थांच्या भूमितीतून कसा उगवतो, याचं 2002 मध्ये मांडलेलं आधुनिक गणित मँगेनीज घातलेल्या याच अर्धवाहकांवर पहिल्यांदा तपासून पाहिलं गेलं. म्हणजे आकृतीचा उभा अक्ष जो परिणाम वापरतो, त्याचा नीट उलगडाही या पदार्थांच्या मदतीनंच झाला.

ओनो पुढे तोहोकू विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या नावावर अधिक उपयोगाची, अधिक गाजलेली कामं आहेत, त्यांत खोलीच्या तापमानाला चालणाऱ्या मेमरीच्या घटकांचाही मोठा वाटा आहे. तरी माझ्या मते त्यांचं सर्वांत सुंदर काम ही एक चौकट आहे. उपयोगाच्या कसोटीवर ती नापास होईल, आणि ते तिच्या लेखकांनाही माहीत असावं. रचनेच्या कसोटीवर मात्र चुंबकीय अर्धवाहकांच्या साऱ्या वाङ्मयात तिच्या तोडीचं मला दुसरं दिसत नाही. चार रेषा, एक तापमान, एक बटण. दावा केला, उलटा करून दाखवला, आणि मूळ जागी आणून ठेवला. पदार्थविज्ञानाचा आलेख कसा असावा हे कुणाला शिकवायचं झालं, तर ही आकृती पुढ्यात ठेवावी आणि चौथी रेषा विद्यार्थ्यालाच शोधायला सांगावी.